मुद्दाम की चुकून

आमच्या मंडळाच्या हॉलचं दार सताड उघडं असलं, तरी काका त्यावर तीनदा ठोठावल्याशिवाय आत पाऊल ठेवत नसत. ठोठावून झालं की क्षणभर थांबायचे. आतून कोणी "या काका" म्हणालं तर ठीक, नाही म्हणालं तर स्वतःशीच मान हलवून आत यायचे आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे. नव्या माणसांना वाटायचं, म्हाताऱ्याला दार उघडं आहे हे दिसत नाही. दिसत सगळं होतं. एकदा पार्किंग लॉटमध्ये त्यांनी माझ्या गाडीच्या काचेवर तीनदा ठोठावलं. मी काच खाली केली, तर म्हणाले, "तुमचा मागचा एक दिवा बंद आहे," आणि निघून गेले. मी लक्ष दिलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच दिव्यावरून मला पोलिसाने थांबवलं.

नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या कॅरी गावच्या जुलैमध्ये घरातून गाडीपर्यंत जाईतो माणूस घामाने भिजतो. त्या जुलैतही काकांच्या गळ्यात तपकिरी लोकरीचा मफलर असायचा. कारण विचारलं तर "तुमचे एसी" एवढंच म्हणायचे आणि आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं आपल्याकडे पाहायचे.

ते मूळचे मिरजेचे. इथून तासाभरावरच्या एका लहानशा कॉलेजात त्यांनी तीस वर्षं मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवला. त्यातही त्यांचा विषय अगदी चिमूटभर होता. चर्चची वास्तू बाटते कशाने, आणि बाटली की ती पुन्हा शुद्ध कशी करून घेतात. एवढ्याशा गोष्टीवर माणसाने अख्खं आयुष्य काढावं, याचं आम्हा आयटीवाल्यांना हसू यायचं. आम्ही स्वतः एकेका विमा कंपनीच्या लॉगिन स्क्रीनवर दहा-दहा वर्षं घालवलेली होती, ते सोडून द्या. पाठीमागे आम्ही त्यांना 'बिशप' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

त्यांची आमची गाठ पडली ती आम्ही चर्च घेतलं म्हणून. मंडळाला हक्काची जागा हवी होती आणि गावाच्या कडेला लाल विटांचं, पांढऱ्या शिखराचं एक जुनं बॅप्टिस्ट चर्च रिकामं झालं होतं. तिथली माणसं म्हातारी होत होत संपत आली आणि उरलेली शेजारच्या मोठ्या चर्चमध्ये सामील झाली. जाताना त्यांनी क्रॉस नेला. बाक आम्हाला ठेवले, स्टेज ठेवलं आणि स्टेजमागची टाकीही ठेवली. बाप्तिस्मा देताना अख्खा माणूस बुडवायचा, म्हणून कमरेएवढी खोल सिमेंटची टाकी. आम्ही तिच्यात गणपतीचं मखर ठेवू लागलो.

वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजी होम पेटवत होते. (आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळतात.) तेव्हा हे अनोळखी गृहस्थ मफलर सावरत भिंती चाचपत फिरताना दिसले. मी जागेची व्यवस्था बघायचो, किल्ल्या माझ्याकडे असायच्या, त्यामुळे मला विचारणं भाग होतं.

"काका, काही हरवलंय का?"

"विधीपूर्वक पवित्र केलेल्या चर्चच्या भिंतींवर बारा ठिकाणी तेलाने क्रॉस काढलेले असतात. ते शोधतोय."

"सापडले?"

"एकही नाही," ते म्हणाले. ते निराश झाले असतील असं मला वाटलं. नंतर जेवायला बसल्यावर मात्र त्यांनी दोनदा श्रीखंड मागून घेतलं.

त्यानंतर ते आमचेच झाले. हॉलमध्ये काहीही घडलं की त्यांच्याकडे त्याची जुनी केस तयार असायची. एका बाईंचा कुत्रा दार उघडं पाहून आत शिरला आणि थेट स्टेजवर चढला, तेव्हा काका म्हणाले, "कुत्र्याने बाटत नाही. कुत्र्याला हेतू नसतो." छपराची दुरुस्ती निघाली तेव्हा म्हणाले, "छप्पर खुशाल बदला. भिंती पडल्या तर मात्र पहिल्यापासून सगळं करावं लागेल." बारशाला एक बाळ उत्सवमूर्ती या नात्याने गालिच्यावर ओकलं. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "उल्लेख नाही." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पवित्र म्हणजे स्वच्छ नव्हे." आमच्याकडे क्लीनिंग कमिटी असल्यामुळे ते वाक्य कोणाला फारसं रुचत नसे.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की मिरजेच्या मुलाला हे खूळ लागलं कुठून. ते म्हणाले, "आमच्या आत्याकडून." त्यांची आत्या कडक सोवळ्यातली. लहानपणी दिवसातून दोनदा तरी हे तिच्या वाळत घातलेल्या लुगड्याला लागायचे. कधी धावताना चुकून, कधी तिची गंमत बघायला मुद्दाम. धपाटा दोन्ही वेळा सारखाच बसायचा.

"सोवळ्याला हेतू कळत नाही हो. लागलं की लागलं. मला फार वाटायचं, की हिने एकदा तरी विचारावं, मुद्दाम की चुकून? पुढे पुण्यात एका लायब्ररीत चर्चच्या कायद्याचं पुस्तक हाताला लागलं. त्यात लिहिलं होतं, की रक्त सांडलं म्हणून वास्तू आपोआप बाटत नाही. आधी विचारायचं. गवंडी वरून पडून रक्त सांडलं, तर तो अपघात, पूजा चालू ठेवा. कोणी कोणाला मारून सांडलं, तर सगळं बंद. मला वाटलं, आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी विचारत होतं. मग मी तिथेच राहिलो."

तेव्हा मी हसून "क्या बात है" म्हटलं आणि विषय विसरून गेलो. तो प्रश्न मलाच विचारला जाईल असं वाटलं नव्हतं.

आता सुधीरबद्दल सांगायला हवं. सुधीर नागपूरचा. मी वीसेक वर्षांपूर्वी दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन इथे उतरलो, तेव्हा विमानतळावर मला घ्यायला तो आला होता. आमची ओळख नव्हती, कोणाच्या तरी ओळखीचा ओळखीचा. शेजारच्या मॉरिसव्हिलमधल्या त्याच्या अपार्टमेंटमध्ये मी महिनाभर सोफ्यावर झोपलो. पुढे लग्नं झाली, घरं झाली, तरी शनिवारी सकाळी तळ्याभोवती आमची फेरी चुकली नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही दर वर्षी आम्ही दोघं मिळून करायचो. तो विनोद करायचा आणि मी त्याला आवरायचो. लोकांना वाटायचं आम्ही ते ठरवून करतो.

गणपतीचं विसर्जन आम्ही पार्किंग लॉटमध्ये, लहान मुलं डुंबतात तसल्या प्लास्टिकच्या टबात करतो. त्या वर्षी कुठल्याशा वादळाचं शेपूट आमच्यावरून गेलं आणि सकाळपासून धो धो पाऊस. सुधीर म्हणाला, "अबे, एवढी मस्त टाकी आहे आत. बाप्पाला तिथेच सोडू ना." मी म्हटलं, टाकी कित्येक वर्षं वापरलेली नाही, आधी तपासून घेऊ. तो बरं म्हणाला. मी तबकं आणायला गेलो तेवढ्यात त्याने नळ सोडला.

टाकीला तडा होता. पाणी स्टेजवर आलं, गालिच्याखाली शिरलं, स्पीकरच्या वायरींपर्यंत पोचलं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून भिजलेला गालिचा गुंडाळत होतो आणि मी त्याला चाळीस माणसांसमोर नको नको ते बोलत होतो. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बस कर ना बे. तुझ्या बापाचं चर्च आहे का?"

माझं कोपर त्याच्या नाकावर बसलं. घोळणा फुटला. गालिच्याखालच्या उघड्या लाकडावर रक्ताची धार लागली. लोक धावले. "काय झालं, काय झालं?" कोणी काही बोलायच्या आत मीच मोठ्याने म्हणालो, "अरे, चुकून कोपर लागलं."

सुधीरने नाकाला टिशू लावून माझ्याकडे पाहिलं. त्याने नाकाबद्दल मला संध्याकाळपर्यंत माफ केलं असतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या एका वाक्याबद्दल केलं नाही. पुढच्या शनिवारी मी तळ्यावर गेलो आणि एकट्यानेच फेरी मारून घरी आलो.

सोमवारी संध्याकाळी माझ्या दारावर तीनदा ठोठावलं गेलं. दाराला बेल होती.

"चहा नको," काका बसायच्या आधीच म्हणाले. "एकच प्रश्न आहे. स्टेजवर रक्त सांडलं ते मुद्दाम की चुकून?"

"काका, असं काय विचारता?"

"चुकून असेल तर काही करायला नको. मुद्दाम असेल तर वास्तू बाटली. शुद्धी होईपर्यंत तिथे काही कार्य करता येणार नाही."

"अहो, आपण हिंदू आहोत."

"आपण आहोत. वास्तूचं काय?"

स्वयंपाकघरात बायकोने भांडी घासायची थांबवली होती. मी म्हटलं, "चुकून."

त्यांनी खिशातून डायरी काढली, त्यात एक शब्द लिहिला आणि उठले. दारात थबकून म्हणाले, "पोरांच्या दंगामस्तीत नाक फुटलं तर वास्तू बाटत नाही, अशी एक सवलत आहे. तुमचं वय किती?"

"सेहेचाळीस."

"मग ती नाही लागू," म्हणाले आणि मफलर सावरत गेले.

तिथून ते सुधीरकडे गेले. सुधीर म्हणाला, "त्यालाच विचारा." मग काका कमिटीपुढे उभे राहिले आणि त्यांनी निर्णय दिला. दोघांपैकी एकाने साक्ष दिली आहे, दुसऱ्याने तिला दुजोरा दिलेला नाही. संशय आहे तोवर वास्तू बाटलेली धरायची, आणि शुद्धी मागायची ती ज्याच्या हातून रक्त सांडलं त्याने.

दुसरं कोणतंही मंडळ यावर हसून पुढच्या विषयाकडे वळलं असतं. पण आमच्या अध्यक्षबाई ठाण्याच्या आणि सॉफ्टवेअर टेस्टिंगमधल्या. त्या म्हणाल्या, "करून टाकू ना शुद्धी. उगाच रिस्क कशाला?" गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, की आपल्याकडेही असं काहीतरी असेलच, बघून सांगतो. ते अजून बघतायत. पण 'रक्त' आणि 'वास्तू' हे दोन शब्द एका वाक्यात आले की आम्ही मंडळी, मास्टर्स असो की पीएचडी, हात जोडून मोकळी होतो. हॉलला कुलूप लागलं. दिवाळीच्या नाचाच्या तालमी पार्किंग लॉटमध्ये, गाड्यांच्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये सुरू झाल्या. बायका पाणी प्यायला जाताना माझ्या खिशाकडे बघत जात. कुलपाची किल्ली माझ्याच खिशात होती आणि हॉल कशासाठी थांबला आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

सहा आठवडे गेले. मला सुधीर परत हवा होता. त्यासाठी एक वाक्य बोलायचं होतं आणि ते माझ्याने होत नव्हतं. एकदा गाडीत माझी मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "डॅड, यू हिट हिम. एव्हरीबडी नोज. जस्ट से इट." मी तिला मराठीत बोल म्हणून ओरडलो. दुसरं काही सुचलं नाही.

त्याच दिवशी मी काकांना फोन केला. "काका, ही शुद्धी करतात कशी?"

"शनिवारी सकाळी दहा वाजता या. जुनी पँट घाला."

पाणी, मीठ, राख आणि वाइन, हे चार पदार्थ एकत्र करायचे. पाण्याचा प्रश्न नव्हता. मीठ आयोडीनवालं. वाइन अडली, कारण मंडळाच्या नियमांत हॉलमध्ये दारू आणायला बंदी आहे. अध्यक्षबाईंनी द्राक्षाचा रस सुचवला. "बाराव्या शतकात चाललं नसतं," काका म्हणाले, आणि बाटलीवरचं लेबल वाचून त्यांनी ती घेतली. राख सुधीरच्या ग्रिलमधली. श्रीखंडाच्या जुन्या डब्यात भरून त्याने बायकोबरोबर पाठवली होती. सोबत निरोप काहीच नव्हता. पाणी शिंपडायला हिसोप नावाची वनस्पती लागते, ती मिळेना, तेव्हा कोथिंबिरीची जुडी घ्यायचं ठरलं.

शनिवारी काकांनी सुधीरला एकट्याला आत पाठवलं आणि दार ओढून घेतलं. बाहेर मी बादली धरून उभा, शेजारी काका. आतल्याने काय विचारायचं हे त्यांनी सुधीरला सांगितलं होतं. बाहेरच्याने काय उत्तर द्यायचं हे मला सांगितलं नव्हतं.

काकांनी तीनदा ठोठावलं.

"कोण आहे?" आतून सुधीरचा आवाज आला. सहा आठवड्यांनी ऐकत होतो.

मी काकांकडे पाहिलं. "मला नाही विचारलं," ते म्हणाले.

"मी," मी म्हटलं.

"कशाला आलास?"

काका शिखराकडे पाहत होते, जणू तिथे काही वाचायचं होतं. बादलीची कडी बोटांत रुतत होती. बंद दाराशी बोलणं माणसाशी बोलण्यापेक्षा सोपं असतं, हे त्या म्हाताऱ्याला पक्कं माहीत असणार.

"सुधीर, मी कोपर मुद्दाम मारलं. आणि सगळ्यांसमोर खोटं बोललो."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मला रडू आलं, आणि बादली हातात असल्यामुळे डोळे पुसता येईनात. मग आतून दाराची आडवी दांडी दाबल्याचा खट्ट आवाज आला आणि दार उघडलं. सुधीरने माझ्या हातातली बादली घेतली, कारण ती जड होती.

स्टेजचं लाकूड आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून घासलं. काका मागून कोथिंबिरीने भिंतींवर पाणी शिंपडत फिरले आणि लॅटिनमध्ये काही पुटपुटले. मला वाटलं, झालं. पण त्यांनी बाक बाजूला करायला लावले आणि राखेची भांडी आमच्या हातात दिली. एकाने या कोपऱ्यातून, दुसऱ्याने त्या कोपऱ्यातून निघायचं. जमिनीवर राखेने अक्षरं लिहीत मध्यावर येऊन भेटायचं. तिकडे हे बिशप एकटाच करतो, ग्रीक आणि लॅटिन अक्षरांनी. आमच्यासाठी त्यांनी मराठी अक्षरं चालवून घेतली. सुधीरला स्वर दिले, मला व्यंजनं.

स्वर थोडे. सुधीर मोठी मोठी अक्षरं काढत कधीच मध्यावर पोचला आणि कमरेवर हात ठेवून थांबला. मी अजून ट-ठ-ड करत ओणवा सरकत होतो. सहा आठवडे त्याला थांबवलं, त्यात आणखी दहा मिनिटांची भर. त्याच्या बुटांपर्यंत पोचलो तेव्हा तो माझी ओळ बघत होता.

"ङ राहिला तुझा," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "बे."

मी परत जाऊन ङ घातला.

दिवाळीचा कार्यक्रम हॉलमध्ये झाला. सूत्रसंचालन आम्ही दोघांनी केलं. नाकावर विनोद झाला, तो सुधीरने केला आणि मी त्याला आवरलं नाही. फराळाला आम्ही त्या चर्चच्या निवृत्त पास्टरना बोलावलं होतं. ऐंशीच्या घरातले, उंच, चकलीकडे संशयाने पाहणारे. मी मोठ्या अभिमानाने त्यांना सांगितलं, की तुमची वास्तू बाटली होती, आम्ही ती शास्त्रोक्त शुद्ध करून घेतली.

ते गोंधळले. "कॉन्सिक्रेट? नो, सन. वी नेव्हर डिड दॅट. वी आर बॅप्टिस्ट्स. द पीपल आर द चर्च. दिस इज जस्ट अ बिल्डिंग." त्यांनी भिंतीवर थोपटलं. "गुड बिल्डिंग. द टँक लीक्स, दो. वी शुड हॅव टोल्ड यू."

मी वळून पाहिलं. मागच्या बाकावर काका चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत बसले होते. पार्किंग लॉटमध्ये मी त्यांना गाठलं.

"काका, या इमारतीला कधी कोणी पवित्र केलेलंच नव्हतं?"

"नव्हतं. भिंतींवर क्रॉस कुठे होते?"

"म्हणजे बाटायला काही नव्हतंच. मी मुद्दाम मारलं असतं, चुकून मारलं असतं, काही फरक पडत नव्हता."

"वास्तूला पडत नव्हता," ते म्हणाले. "मी फक्त प्रश्न विचारला. कुलूप कमिटीने लावलं."

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. मी विचारलं, "आणि ती अक्षरं?"

यावर ते पहिल्यांदा जरा ओशाळले. मफलरचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "शुद्धीला अक्षरं लागत नाहीत. पाणी पुरतं. अक्षरं वास्तू पहिल्यांदा पवित्र करताना लिहितात." मग गाडीचं दार उघडता उघडता म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं वाचत आलो. वाटलं, एकदा आपण करून बघावं. चुकून नाही झालं ते. मुद्दाम केलं."

वर्षभराने ते मुलीकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला राहायला गेले. फोनवर तक्रार एकच, की तिथे त्यांच्यापेक्षा वयाने मोठी एकही इमारत नाही. या मार्चमध्ये ते गेले. मुलीने विचारलं, की शोकसभा तुमच्या हॉलमध्ये घेता येईल का. बाबा त्या हॉलला 'माझं चर्च' म्हणायचे, म्हणाली.

सभेच्या दिवशी खुर्च्या लावायला सुधीर लवकर गेला होता. मी फुलं घेऊन पोचलो तेव्हा दार सताड उघडं होतं. मी फुलं एका हातात धरली आणि दारावर तीनदा ठोठावलं.

आतल्या खुर्च्यांचा आवाज थांबला. "कोण आहे?" सुधीरने विचारलं.

"मी."

"आणि बरोबर कोण?"

मी वळून पार्किंग लॉटकडे पाहिलं.

"एकटाच आहे," मी म्हटलं.

सुधीर दारापर्यंत आला आणि त्याने माझ्या हातातली फुलं घेतली.